मेणबत्तीला नीट बैठक हवी : घरातल्या साध्या स्टँडमागचं शास्त्र

पावसाळ्यात वीज गेली की बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. ड्रॉवरमधून मेणबत्ती निघते. पेटवून ती तिरकी धरायची, डब्याच्या झाकणावर किंवा उपड्या वाटीवर मेणाचे चार थेंब पाडायचे आणि त्या थेंबांत तिला दाबून उभी करायची. मग ती कधी टीव्हीच्या शेजारी ठेवली जाते, कधी खिडकीच्या कठड्यावर, कधी जमिनीवर, जिथून रांगतं मूल जाणार असतं.

तासाभरापुरती वीज गेली असेल तर हे निभावतं. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अशा वेळी इमर्जन्सी लाइट दुसऱ्या रात्री संपतो, मोबाइलचं चार्जिंग फोनसाठी जपावं लागतं आणि घर पुन्हा मेणबत्तीवर येतं. रोज संध्याकाळी, रोज तीनचार तास.

गेल्या दोनशे वर्षांत मेणबत्ती खूप सुधारली. ती ज्यावर उभी राहते ती वस्तू मात्र एक तर शोभेची झाली किंवा घरातून नाहीशीच झाली. चांगलं स्टँड बनवणं अवघड नाही. त्यासाठी मेणबत्ती जळताना काय काय होतं ते आधी समजून घ्यावं लागतं.

जळते ती मेणाची वाफ

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या हिवाळ्यात मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली. विषय होता फक्त मेणबत्ती. एवढा मोठा शास्त्रज्ञ सहा दिवस एकाच मेणबत्तीवर बोलू शकला, कारण तिच्यात बरंच काही चाललेलं असतं.

ज्योतीच्या उष्णतेनं वरचं मेण वितळतं आणि वातीभोवती छोटं तळं तयार होतं. पदर पाण्यात बुडाला की ओल आपोआप वर चढते, तसं हे पातळ मेण वातीच्या धाग्यांमधून वर चढतं. याला केशाकर्षण म्हणतात. वर गेलेल्या मेणाची वाफ होते आणि ती वाफ हवेतल्या ऑक्सिजनबरोबर जळते. बाजारातली साधी मेणबत्ती पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या मेणाची असते. ते साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं. ज्योतीचा सगळ्यात तापलेला भाग मात्र हजार अंशांच्याही बराच वर असतो.

स्टँड बनवणाऱ्याच्या दृष्टीनं यातून तीन गोष्टी निघतात. वितळलेलं मेण कुठे तरी जाणारच, त्याची सोय हवी. ज्योतीला सतत ताजी हवा हवी. आणि मेणबत्ती आखूड होत जाते, म्हणजे ज्योत रोज संध्याकाळी वरून खाली प्रवास करते. जी रचना आठ वाजता बरोबर असते, ती अकरा वाजता बरोबर असेलच असं नाही.

उष्णतेचा अंदाजही असू द्यावा. घरगुती मेणबत्ती तासाला साधारण ६ ते ७ ग्रॅम मेण जाळते. त्यातून सुमारे ८० वॅट उष्णता बाहेर पडते आणि तिचा मोठा भाग सरळ वर जातो. म्हणून मेणबत्तीच्या बाजूला हात धरला तर ऊबच लागते, पण वर कपाट, पडदा किंवा मच्छरदाणी असेल तर ती पेटू शकते.

ती उलटते कशी?

कुठलीही वस्तू उलटेल की नाही, हे तिच्या गुरुत्वमध्यावर ठरतं. गुरुत्वमध्य म्हणजे जिथे सगळं वजन एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू. वस्तू कलंडताना हा बिंदू तळाच्या कडेच्या बाहेर गेला की ती परत सरळ होत नाही.

उदाहरण म्हणून २ सेंटिमीटर जाड आणि २० सेंटिमीटर लांब मेणबत्ती घेऊ. तिचं वजन सुमारे ५७ ग्रॅम भरतं. ती तीन प्रकारच्या स्टँडवर ठेवून, मेणबत्तीच्या टोकाला किती आडवा जोर लावला तर सगळं उलटेल, याचं गणित करता येतं.

पहिलं स्टँड हलक्या पत्र्याचं, १०० ग्रॅमचं, ८ सेंटिमीटर व्यासाचं. ते उलटायला सुमारे ३१ ग्रॅम वजनाइतका जोर पुरतो. दुसरं शोभेचं, उंच मानेचं, ३०० ग्रॅमचं, तळ १० सेंटिमीटर, आणि मेणबत्तीसकट एकूण उंची ४५ सेंटिमीटर. तिप्पट वजन असूनही ते ४० ग्रॅमला उलटतं. तिसरंही ३०० ग्रॅमचंच, पण बसकं आणि १२ सेंटिमीटर व्यासाचं. त्याला १०७ ग्रॅम लागतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टँडमध्ये धातू तेवढाच आहे, पैसेही साधारण तेवढेच पडतील. धातू उंचीत घातला की तळात पसरला एवढाच फरक, आणि तेवढ्यानं स्थैर्य अडीच पटींहून जास्त वाढलं. ओढणीचा झटका, मांजराची शेपटी, अंधारात टेबलावर चाचपडणारा हात यांना चाळीस ग्रॅमचा जोर सहज लावता येतो.

अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या मेणबत्तीविषयक सुरक्षा चाचणीत १० अंशांच्या उतारावर मेणबत्ती उलटता कामा नये, अशी अट आहे. ही अट किमान समजावी. वरचं उंच मानेचं स्टँड साधारण २२ अंशांपर्यंत तग धरेल, म्हणजे उताराच्या परीक्षेत ते आरामात पास होईल, तरी बोटाच्या टिचकीनं पडेल. बसकं स्टँड ६० अंशांपर्यंत कललं तरी परत सरळ होतं. खरेदी करताना दोन्ही गोष्टी पाहायला हव्यात.

आपली समई याच तत्त्वावर टिकून आहे. ती उंच असते, पण तळ जड आणि रुंद असतो. तळाला बारीक करून नक्षीदार खांबावर पैसे खर्च केलेली समई देवघरात डुगडुगते, हे पितळी भांड्यांच्या दुकानात कुणीही सांगेल.

तीन पाय की अखंड गोल कड?

तीन पायांची वस्तू कधीच डगमगत नाही, हे खरं आहे. जमीन कितीही ओबडधोबड असो, तीन टोकं टेकतातच. म्हणून स्टँडला तीन पाय द्यावेत असं सहज वाटतं.

इथे भूमिती आडवी येते. केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर तीन पाय बसवले, तर वस्तू उलटते ती दोन पायांना जोडणाऱ्या रेषेवरून. ही रेषा केंद्रापासून फक्त ३ सेंटिमीटरवर असते. दिसायला तळ १२ सेंटिमीटरचा, पण दोन पायांच्या मधल्या दिशेनं धक्का बसला तर तो ६ सेंटिमीटरच्या तळासारखा वागतो. वर काढलेले १०७ ग्रॅम तिथे निम्म्यावर येतात. चार पायांत हे अंतर ४.२ सेंटिमीटर होतं. अखंड गोल कडीत पुरे ६.

घरातल्या फरशीसाठी, ओट्यासाठी, टेबलासाठी माझं मत गोल कडीच्या बाजूनं आहे. ताटाच्या खाली कडेकडेनं ६ मिलीमीटर जाडीच्या सळईचं एक वळं जोडावं. ताट तेवढं वर उचललं जातं, खाली हवेचा थर राहतो आणि लाकडी टेबलाला उष्णता लागत नाही. अंगणात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, होडीत किंवा गोठ्यात वापरायचं असेल तर मात्र तीन पायच बरे, फक्त ते ताटाच्या कडेच्या बाहेर पसरलेले हवेत.

मेणबत्ती धरून ठेवणारी नळी

स्टँडचा सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे मेणबत्ती जिच्यात खोचतात ती नळी. पाकिटातल्या मेणबत्त्यांची जाडी दर कंपनीची वेगळी. नळी एका मापाची असली की बारीक मेणबत्ती तिच्यात डुलते आणि जाड मेणबत्ती तासून बसवावी लागते. डुलणाऱ्या मेणबत्तीला आपण कागदाची घडी लावतो, म्हणजे ज्योत जिथे शेवटी पोचणार तिथे आपणच जळण ठेवतो.

मेणाचे थेंब पाडून चिकटवण्याची युक्ती रात्रीच्या सुरुवातीला चालते. मेणबत्ती आखूड झाली की ज्योत नळीच्या जवळ येते, धातू तापतो आणि ५०-६० अंशांना तोच चिकट थर मऊ पडतो. पकड सुटते ती नेमकी अशा वेळी, जेव्हा घरातलं लक्ष मेणबत्तीवरून उडालेलं असतं.

निमुळती नळी हा एक उपाय आहे. खाली अरुंद, वर रुंद, म्हणजे कुठलीही मेणबत्ती कुठे तरी अडकते. पण ती एकाच गोलावर टेकते, त्यामुळे कलू शकते. म्हणून निमुळत्या नळीला वरच्या तोंडाशी स्टीलच्या पातळ, आत वळलेल्या तीन पाकळ्या हव्यात. खाली एका जागी आधार आणि वर तीन बाजूंनी दाब, अशी दोन पातळ्यांवर पकड मिळाली की मेणबत्ती सरळ राहते. नळीची खोली २५ मिलीमीटरच्या आसपास पुरते. एका बाजूनं उभी चीर ठेवली तर उरलेला तुकडा सळईनं किंवा जुन्या चमच्याच्या दांड्यानं खालून ढकलून काढता येतो. नाही तर सुरीनं कोरत बसावं लागतं आणि पाकळ्या वाकतात.

उन्हाळ्याचा मुद्दा आपल्याकडे वेगळा धरायला हवा. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात बंद खोली इतकी तापते की पॅराफिन वितळत नसलं तरी मऊ होतं, आणि लांब मेणबत्ती स्वतःच्या वजनानं वाकते. कितीही चांगली नळी असली तरी वाकलेल्या मेणबत्तीला ती सरळ करू शकत नाही. तिथे आखूड आणि जाड मेणबत्तीच वापरावी.

ओघळ आणि दिव्याखालचा अंधार

पुष्कळ स्टँडना नळीच्या तोंडाशीच एक छोटी बशी असते. ओघळ तिथेच अडावा ही कल्पना. ओघळ अडतोही, पण प्रकाश अडतो त्याचं काय?

समजा ही बशी टेबलापासून १० सेंटिमीटर उंच आहे आणि तिची त्रिज्या ४ सेंटिमीटर आहे. मेणबत्ती नवी असताना ज्योत बशीच्या १५ सेंटिमीटर वर असते, तेव्हा टेबलावर साधारण ७ सेंटिमीटर त्रिज्येची सावली पडते. मेणबत्ती ३ सेंटिमीटर उरली की तीच सावली १७ सेंटिमीटरची होते. म्हणजे वही उघडून बसलेल्या मुलाच्या पुढ्यातला उजेड जसजशी रात्र वाढते तसतसा नाहीसा होतो.

बशी टेबलालाच टेकवली, म्हणजे बशीलाच तळ बनवलं, तर सावली बशीच्या बाहेर जवळजवळ जातच नाही. एका ताटात तीन कामं होतात. ते बैठक देतं, मेण झेलतं आणि सावली आवरतं. युरोपात निजायच्या खोलीत नेण्यासाठी जे बसकं, कान असलेलं मेणबत्तीचं ताट वापरत, त्याचा आकार हाच होता. मला तो आजवरचा सगळ्यात शहाणा आकार वाटतो.

ताटाची कड किती उंच हवी, याचाही हिशेब सोपा आहे. आपल्या मेणबत्तीत एकूण ६३ मिलीलीटर मेण आहे. १२ सेंटिमीटर व्यासाच्या ताटात ८ मिलीमीटर उंचीपर्यंत सुमारे ९० मिलीलीटर मावतं. म्हणजे कड दीड सेंटिमीटर ठेवली की अख्खी मेणबत्ती वितळून पडली तरी टेबलावर थेंब येणार नाही.

ताटाला एका बाजूनं बोट घालायचा कान आणि त्यावर अंगठा टेकवायला चपटी पट्टी असावी. अंधारात मेणबत्ती घेऊन जिना चढताना गरम मेण मनगटावर सांडतं, कारण ती थेट हातात धरलेली असते. पट्टीवर अंगठ्याचा दाब असला तर ताट समतोल राहतं.

वारा अडवायचा, हवा नाही

वाऱ्याच्या झोतात ज्योत एका बाजूला झुकते, त्या बाजूची कड वितळते आणि साचलेलं मेण तिथून बाहेर ओघळतं. मेणबत्ती वेडीवाकडी जळते, लवकर संपते, काजळी धरते. म्हणून काच हवी. पण काचेचा नळा ताटावर नुसता टेकवला तर ज्योत थरथरते आणि पुष्कळदा विझते.

तासाला साडेसहा ग्रॅम मेण जाळायला मिनिटाला निदान सव्वा लीटरहून थोडी जास्त हवा लागते. ही किमान झाली. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की मेणबत्ती विझते. म्हणजे हवेतला सगळा ऑक्सिजन तिला वापरताच येत नाही. प्रत्यक्षात मिनिटाला पाचसहा लीटर हवा आत यायला हवी. खालून वाट नसली तर ताजी हवा वरूनच खाली यायला बघते आणि गरम हवा त्याच तोंडातून वर जायला बघते. दोघींची टक्कर होते. शाळेत एक सुंदर प्रयोग दाखवतात. अशा विझू लागलेल्या ज्योतीवरच्या नळ्यात मधोमध पुठ्ठ्याचा उभा पडदा सोडला की एका बाजूनं हवा खाली, दुसऱ्या बाजूनं वर, असे दोन रस्ते होतात आणि ज्योत पुन्हा नीट जळू लागते.

कंदिलानं हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत तयार झालेला प्रभाकर कंदील ज्यांच्या घरात होता, त्यांना त्याच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ नळ्या आठवतील. त्या केवळ धरायला नव्हत्या. त्यांच्यातून हवा ज्योतीपर्यंत येत असे, म्हणून वाऱ्यातही कंदील जळत राही.

आपल्या ताटात एवढं करावं लागत नाही. ताटाला भोकं पाडू नयेत, मेण गळेल. त्याऐवजी ताटाच्या आत ८ मिलीमीटर उंचीचे तीन छोटे खुंट जोडावेत आणि काच त्यांच्यावर टेकवावी. काचेचा व्यास ९ सेंटिमीटर धरला तर खाली सगळीकडून मिळून २२ चौरस सेंटिमीटरची फट मिळते आणि ती पुरून उरते. शिवाय ताटाची कड दीड सेंटिमीटर उंच आहे, फट तिच्या आड आहे. खिडकीतून आलेला झोत आधी कडेवर आपटतो आणि हवा वळून, संथ होऊन आत जाते. मला या रचनेतली ही सगळ्यात आवडती गोष्ट आहे. दोन वेगळ्या कारणांसाठी ठेवलेल्या दोन मापांनी तिसरं काम फुकटात केलं.

काच कुठली? साधी काच उष्णतेनं जास्त प्रसरण पावते. एका बाजूला ज्योत आणि दुसऱ्या बाजूला पावसाचा थेंब, असं झालं तर तडकते. प्रयोगशाळेच्या भांड्यांची बोरोसिलिकेट काच त्या मानानं तिसऱ्या हिश्श्याइतकीच प्रसरण पावते. ती मिळाली तर उत्तम. नाही तर कंदिलाची काच चालते. पाणी प्यायचा पेला मात्र तळ फोडून वापरू नये.

शेवटचा इंच

मेणबत्ती महाग होती तेव्हा लोक तिचा शेवटचा तुकडाही जाळत. त्यासाठी खास टोकदार खिळे मिळायचे, त्यावर तुकडा टोचून तळापर्यंत जाळता येई. जुन्या स्टँडची घडण या काटकसरीतून झाली आहे. आपल्याला आज याच्या उलट हवं आहे. शेवटचा इंच जळता कामा नये.

कारण त्या इंचात परिस्थिती बदलते. ज्योत नळीत उतरते, धातू तापतो, मेण एकदम पातळ होतं. वातीचे जळके तुकडे त्यात पडतात आणि प्रत्येक तुकडा नवी वात बनतो. मेणाचं तापमान दोनशे अंशांच्या वर गेलं की ते वातीशिवायही पेट घेऊ शकतं. मग एका ज्योतीच्या जागी अख्खी नळी जळते. खाली प्लॅस्टिक असेल तर तेही.

छोट्या वाटीत ओतलेल्या मेणाच्या टी-लाइटमध्ये यावर छान उपाय असतो. वातीच्या तळाला पत्र्याची टिकली असते आणि तिला उंच मान असते. मेण त्या मानेच्या खाली गेलं की वातीला ते ओढता येत नाही आणि ज्योत आपोआप विझते. लांब मेणबत्तीत हे जमत नाही. पूर्वी युरोपात एक चिमटा असे. तो मेणबत्तीच्या अंगाला ठरावीक जागी लावायचा, मेण तिथपर्यंत वितळलं की त्याची पकड सुटून टोपी ज्योतीवर मिटते. कल्पना फार चांगली आहे. पण स्प्रिंगमध्ये मेण अडकलं तर टोपी मिटतच नाही आणि माणूस मात्र तिच्या भरवशावर झोपलेला असतो. म्हणून घरासाठी मी साधी गोष्ट सुचवेन. नळी २५ मिलीमीटर खोल ठेवावी, ज्योत तिच्या तोंडाशी आली की मेणबत्ती संपली असं धरावं आणि साखळीनं ताटालाच बांधलेल्या टोपणानं ती झाकून विझवावी. फुंकरीनं पातळ मेण उडतं, टोपणानं उडत नाही.

यात सुमारे ७ ग्रॅम मेण, म्हणजे तासाभराचं जळण उरतं. ते वाया जात नाही, तुकडे साठवून पुन्हा वितळवता येतात.

पेटलेल्या मेणावर पाणी मात्र कधीही ओतू नये. मेणाखाली गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती जळतं मेण चहूकडे उडवते. झाकण टाकावं.

कशाचं बनवावं?

३ मिलीमीटर जाड पोलादी पत्र्याची १२ सेंटिमीटर व्यासाची चकती सुमारे २६५ ग्रॅम भरते. त्यात कड, खालचं वळं आणि नळी धरली तर वजन ४०० ग्रॅमच्या आसपास जातं. ग्रिल आणि गेट बनवणारा कुठलाही फॅब्रिकेशनवाला हे करून देईल. गंज नको असेल तर स्टेनलेस. पितळ हवं असेल तर कासाराकडे किंवा पुण्यात तांबट आळीत विचारता येईल. पितळ दिसतंही सुंदर आणि वजनालाही चांगलं.

मातीच्या स्टँडचा मोह मलाही पडतो. स्वस्त, जड, न जळणारं. पण कच्च्या अंगाची माती मेण पिते आणि मेण प्यालेली माती स्वतःच वातीसारखी वागू शकते. चकाकी दिलेली, म्हणजे काचेचा थर चढवलेली माती असेल आणि नळीच्या जागी स्टीलची छोटी वाटी असेल तरच ते करावं. लाकूड ज्योतीच्या वाटेत कुठेही नको.

ताटाच्या मागे उभी करता येईल अशी ॲल्युमिनियमची चकचकीत पट्टी असली तर मागच्या भिंतीकडे जाणारा बराचसा उजेड पुढे येतो. ॲल्युमिनियम साधारण ९० टक्के प्रकाश परतवतं, स्टील ६० टक्क्यांच्या आसपास.

पण आता एवढा खटाटोप कशाला? टॉर्च आहे की

प्रश्न रास्त आहे. एक मेणबत्ती सुमारे साडेबारा ल्युमेन प्रकाश देते. ल्युमेन हे एकूण प्रकाशाचं माप. चांगला एलईडी दर वॅटला शंभरेक ल्युमेन देतो, म्हणजे मेणबत्तीइतक्या उजेडाला त्याला वॅटचा आठवा हिस्सा पुरतो. मेणबत्ती त्यासाठी ८० वॅट खर्च करते. अभ्यासासाठी, स्वयंपाकासाठी, आजारी माणसाच्या खोलीत एलईडीच वापरावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण बॅटरी संपते. आणि मेणबत्ती केवळ गरज म्हणूनही लागत नाही. वसईत आणि गोव्यात २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ख्रिस्ती दफनभूमीत प्रत्येक थडग्यावर ती लागते, घरोघरी प्रार्थनेत लागते, दिवाळीत कठड्यावर लागते. जोवर ती घरात पेटते, तोवर तिला नीट उभं करणं आपल्या हातात आहे.

पाण्याच्या ताटात ठेवली तर?

ही जुनी युक्ती चांगली आहे, एका अटीवर. मेणबत्ती कुठल्याही बाजूला पडली तरी ज्योत पाण्यातच पडायला हवी. म्हणजे मेणबत्तीची लांबी परातीच्या त्रिज्येहून कमी हवी. ३० सेंटिमीटरच्या परातीत मधोमध १२ सेंटिमीटरची मेणबत्ती चालेल, २० ची नाही. शेवटचा इंच इथेही जाळू नये. पेटलेलं मेण आणि पाणी जवळ आणायचं नाही.

पाण्यापेक्षा कोरडी वाळू मला बरी वाटते. जड, पसरट स्टीलच्या डब्यात चार बोटं वाळू घालून मेणबत्ती तिच्यात खोचली की वजन, पकड आणि ओघळ या तिन्हींची सोय होते, जाडी कुठलीही असो. चर्चमध्ये एकाच वेळी अनेक मेणबत्त्या लावायच्या असतात तिथे वाळूचे पसरट ट्रे वापरतात. मेण प्यालेली वाळू मात्र अधूनमधून बदलावी. ज्यांना स्टँड बनवून घेणं शक्य नाही, त्यांनी आज रात्रीच हे करावं.

घरातलं स्टँड तपासायचं कसं?

न पेटवता तीन गोष्टी पाहता येतात. ३० सेंटिमीटर लांबीच्या फळीचं एक टोक ५ सेंटिमीटर उचललं की साधारण १० अंशांचा उतार होतो. त्यावर मेणबत्तीसकट स्टँड ठेवून चारही दिशांना फिरवून पाहावं. मग सपाट जागी मेणबत्तीच्या टोकाला बोटानं टिचकी मारावी. ते पडता कामा नये, आणि मेणबत्ती नळीत डुलताही कामा नये. तिसरं, मापाच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात मेणबत्ती बुडवावी आणि पाणी जितकं चढेल तितकं पाणी ताटात ओतून पाहावं. ते मावलं पाहिजे.

चौथी परीक्षा पेटवून करायची. दिवसा, फरशीवर, वर आणि बाजूला काही नाही अशा जागी पाच सेंटिमीटर उरलेली मेणबत्ती नळीच्या तोंडापर्यंत जाळून पाहावी, पूर्ण वेळ समोर बसून. अमेरिकेतली एनएफपीए ही अग्निसुरक्षेची संस्था मेणबत्तीपासून जळाऊ वस्तू निदान १२ इंच लांब ठेवायला सांगते, कारण तिथे मेणबत्तीमुळे लागलेल्या निम्म्याहून अधिक आगी अशाच जवळ ठेवलेल्या वस्तूंमुळे लागतात. ज्योत नळीच्या तोंडाशी आली की टोपण ठेवावं आणि लगेच ताटाच्या खाली हाताची पाठ जवळ नेऊन पाहावी. चटका बसण्याइतकी धग लागली तर खालचं वळं आणखी ४ मिलीमीटर जाड करून घ्यावं.